शेजारधर्माची कक्षा : कोळसा, कॅथलिक समाज आणि पर्यावरणीय न्यायाची परिभाषा

१

‘पर्यावरणीय न्याय’ ही संज्ञा मराठी वैचारिक लेखनात रूढ होऊन फार काळ लोटलेला नाही. तिचा आशय मात्र जुना आहे. एखाद्या उद्योगाचा लाभ एकाच्या पदरी पडावा आणि त्याची धूळ, त्याचे खारे पाणी किंवा त्यातून येणारे विस्थापन दुसऱ्याच्या वाट्याला यावे, अशी विभागणी जेथे होते, तेथे ती न्याय्य आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो; त्या प्रश्नाचा विचार ह्या संज्ञेने सूचित होतो. निसर्गप्रेम आणि पर्यावरणीय न्याय ह्यांतील भेद येथेच लक्षात येतो. निसर्गप्रेमाला निसर्ग आणि त्याचा उपासक एवढी दोनच पदे पुरतात. न्यायाला तिसरे पद लागते. ज्याच्या अंगावर भार पडतो तो माणूस हे ते पद होय.

भारतातील कॅथलिक समाजांनी गेल्या चार दशकांत ह्या तिसऱ्या पदाचा शोध निरनिराळ्या रीतीने घेतला आहे. गोव्यातील साष्टी, उत्तर कोकणातील वसई आणि झारखंडातील संथाळ परगणा ही त्याची तीन ठळक क्षेत्रे. ह्या तिन्ही ठिकाणी लढणाऱ्यांनी वापरलेली भाषा, त्या भाषेमागची धर्मकल्पना आणि तिची मर्यादा ह्यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या तपासणीसाठी यवतमाळ जिल्हा, त्यातही बाभुळगाव, हे निरीक्षणस्थान सोयीचे ठरते. बाभुळगाव तालुका दख्खनच्या बेसाल्टी थरावर वसलेला, काळ्या मातीचा आणि कापसाचा. बेंबळा नदीवरील प्रकल्पामुळे धरण आणि विस्थापन ह्यांचा अनुभव त्याने घेतलेला आहे. कोळसा मात्र त्याच्या भूमीत नाही. तो ह्याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, वणीच्या परिसरात, वर्धा खोऱ्याच्या गोंडवनी खडकांत आहे. कॅथलिकांची मोठी वस्तीही येथे नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. परंतु येथील ख्रिस्ती विद्येचे नामांकित केंद्र प्रॉटेस्टंट परंपरेतले होते. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेले. खाण आणि चळवळ ह्या दोहोंपासून काहीशा दूर असलेल्या ह्या स्थानावरून त्या चळवळीच्या परिभाषेची कसोटी अधिक तटस्थपणे घेता येते.

२

ह्या विषयाचा आधारग्रंथ म्हणून पोप फ्रान्सिस ह्यांच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्राचा निर्देश सर्वत्र होतो. २४ मे २०१५ ही त्याची तिथी. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असलेल्या ह्या पत्राचे शीर्षकच अभ्यासनीय आहे. पोपच्या विश्वपत्रांची नावे बहुधा लॅटिन असतात. हे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सृष्टिस्तोत्रातले, म्हणजे उंब्रियाच्या लोकभाषेतले आहे. सूर्यचंद्रांना भावंडे म्हणणाऱ्या त्या स्तोत्राची भाववृत्ती मराठी वाचकाला परकी वाटू नये. वृक्षवेलींना सोयरे मानणारे तुकोबा त्याच्या परिचयाचे आहेत.

तथापि ह्या पत्राचे महत्त्व स्तोत्राच्या आठवणीत संपत नाही. पृथ्वीचा आक्रोश आणि दरिद्री माणसाचा आक्रोश हे एकत्र ऐकले पाहिजेत, असे त्याचे ४९ व्या परिच्छेदातील प्रतिपादन आहे. १६५ व्या परिच्छेदात कोळसा, तेल आणि काही अंशी वायू ह्यांवर आधारलेले तंत्र विलंब न लावता क्रमाक्रमाने बदलावे, असे स्पष्ट म्हटले आहे. खासगी मालमत्तेवर समाजाचे एक प्रकारचे गहाण असते, हा पूर्वसूरींचा विचार ९३ व्या परिच्छेदात पुन्हा मांडला आहे. आणि एखाद्या प्रकल्पाच्या परिणामांची तपासणी करताना स्थानिक जनतेला चर्चेत विशेष स्थान असावे, हा आग्रह १८३ व्या परिच्छेदात आहे. स्तुतीकडून न्यायाकडे जाण्याची वाट ह्या ग्रंथाने निश्चितपणे आखून दिली.

ह्या साऱ्या विवेचनाला एकत्र बांधणारी प्रतिमा ‘घर’ ही आहे. पृथ्वी हे आपणा सर्वांचे सामाईक घर होय, हे पत्राच्या उपशीर्षकापासून शेवटपर्यंत सांगितले जाते. ही प्रतिमा जितकी हृद्य तितकीच, भारतीय संदर्भात, संदिग्ध आहे. आपल्याकडील घराला ओटी असते, माजघर असते, देवघर असते आणि मोरीही असते. कोणी कोठवर यावे, हे उंबरठा ठरवितो. घरांचे मिळून गाव होते, तेव्हा त्याला कूस असते आणि कुसाबाहेर वस्ती असते. ज्यांना शतकानुशतके घराबाहेर ठेवले, त्यांना ‘हे आपले सर्वांचे घर’ असे सांगताना घरातील जागांची वाटणी कशी झाली आहे, हे आधी सांगावे लागते. विश्वपत्र दारिद्र्याविषयी विस्ताराने बोलते; घराच्या अंतर्रचनेविषयी ते त्या मानाने मौन पाळते. खाणीचा प्रदेश हे आधुनिक अर्थव्यवस्थेचे गावकुसाबाहेरचे स्थान असेल, तर केवळ घराच्या प्रतिमेने त्याचा उलगडा होणे कठीण आहे.

ही उणीव भरून काढणारी दुसरी प्रतिमा त्याच लेखकाच्या पुढील लेखनात सापडते. ऑक्टोबर २०२० मधील ‘फ्रातेल्ली तुत्ती’ ह्या विश्वपत्राचे दुसरे प्रकरण लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्ताला वाहिलेले आहे. ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्री विचारतो; ह्यावर येशू वाटेत घायाळ होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट सांगून ‘त्या माणसाशी शेजाऱ्यासारखा कोण वागला?’ असा उलट प्रश्न करतो. शेजार हा अंतराने ठरत नाही, आचरणाने ठरतो, हा त्या उलट प्रश्नाचा अर्थ. मराठीत ह्याला ‘शेजारधर्म’ असा नेमका शब्द आहे. पर्यावरणीय न्यायाच्या चर्चेत ही दोन्ही पत्रे जोडीने वाचावयास हवीत. शेजारधर्माची कक्षा कोठपर्यंत पोचते, हा निकष घेऊन पुढील तीन लढ्यांकडे पाहता येईल.

३

पहिले क्षेत्र साष्टीचे. मराठीच्या अभ्यासकाला साष्टी परिचित आहे ती फादर टॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत रचलेले हे पुराण १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. त्याचे ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ करते. मराठी भाषेतील कॅथलिक सृष्टिवर्णनाचा हा मूळ झरा आहे. परंतु ज्या भूमीत ही स्तुती लिहिली गेली, त्या भूमीचा ताबा हा त्या काळीही वादाचा विषय होता. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइटांची हत्या व त्यानंतर तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांना देहान्त शासन झाले. भूमीवरील हक्काचा प्रश्न ह्या समाजाच्या इतिहासात प्रारंभापासून आहे आणि त्यात चर्च केवळ पीडितांच्या बाजूला नव्हते, हे नमूद करणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

त्याच साष्टी तालुक्यातून आज कोळशाच्या आगगाड्या जातात. मुरगाव बंदरात परदेशांतून उतरणारा कोळसा घाट चढून प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. २०१७ च्या एप्रिल महिन्यात बंदराच्या विस्तारावरील जनसुनावण्या वास्को येथे झाल्या आणि ‘गोंयांत कोळसो नाका’ ही घोषणा गोवाभर पसरली. पुढे लोहमार्गाचे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग असे तीन प्रकल्प मोले येथील अभयारण्यातून नेण्याचे ठरले. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोर येथे हजारो लोक लोहमार्गावर जमले. धर्मप्रांताच्या सामाजिक न्याय व शांती परिषदेने ह्या प्रकल्पांविरुद्ध भूमिका घेतली. लढ्यात अन्य धर्मीय आणि कोणताही धर्म न मानणारेही होते. तरी मार्गालगतच्या चांदोर, वेळसाव, कासावली इत्यादी गावांत कॅथलिक वस्ती मोठी असल्याने पॅरिशचे जाळे हेच संघटनेचे साधन झाले.

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुळे ते कॅसलरॉक ह्या टप्प्यातील दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मान्यता रद्द केली. हा विजय महत्त्वाचा होता, परंतु त्याचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. न्यायालयासमोरचा प्रश्न अभयारण्याचा होता. मार्गालगतच्या घरांत साचणारी धूळ, तडे जाणाऱ्या भिंती आणि श्वासाचे विकार ह्यांचा निर्णय त्यात झालेला नाही. किनारी टप्प्यातील कामावरून संघर्ष त्यानंतरही चालू राहिला. वनाला कायद्याची भाषा मिळाली, घराला मिळाली नाही. विश्वपत्राची मध्यवर्ती प्रतिमा जेथे अक्षरश: खरी होती, तेथेच ती कायद्यात उतरली नाही, हा विरोधाभास साष्टीच्या लढ्यातून हाती येतो.

४

दुसरे क्षेत्र वसईचे. येथील सामवेदी व वाडवळ कॅथलिक समाज विहिरीवर आणि बागायतीवर जगत आलेला. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ह्यांची ही भूमी १९८० च्या दशकाच्या अखेरीस नागरीकरणास मोकळी झाली. १९९० मध्ये सिडकोकडे तिचे नियोजन गेले. बागायतीतील विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचे नेतृत्व केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्या ग्रंथाला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

वसईच्या लढ्याचे वाङ्मयीन महत्त्व असे की, धर्मवाणी तेथे प्रमाण मराठीत आणि नागरिकत्वाच्या परिभाषेत बोलू लागली. ‘सृष्टी’ हा शब्द स्तोत्रात असतो तेव्हा ईश्वराच्या वैभवाचा निर्देश करतो. वसईच्या सभांतून त्याच्या जोडीला ‘विहीर’, ‘पाणी’, ‘आराखडा’ असे शब्द येऊन बसले. स्तुतीला तपशील मिळाला. स्टीफन्सच्या ओवीनंतर मराठी कॅथलिक वाणीत झालेले हे मोठे स्थित्यंतर मानावे लागेल.

मात्र ह्या मागणीचा पाया मालकी हा होता. बागायतदार आपल्या विहिरीसाठी उभा राहिला. त्याच किनाऱ्यावरील कॅथलिक कोळ्याची स्थिती याहून निराळी आहे. उत्तन, मनोरी, पाचूबंदर येथील नौका ज्या समुद्रात जातात, त्याच समुद्रात १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल सापडले आणि १९७६ पासून ते निघू लागले. तेलविहिरींच्या मंचांभोवती ५०० मीटरांचे क्षेत्र नौकांना वर्ज्य असते. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावे नसल्यामुळे, ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली ते पाणी आपले म्हणण्यास कोळ्याजवळ कागद नाही. वहिवाटीचा असा हक्क मान्य होऊ शकतो, हे उरणच्या कोळ्यांच्या दाव्यात दिसून आले. न्हावाशेवा परिसरातील बांधकामांमुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. ते कोळी बहुतांशी हिंदू होते, ह्या गोष्टीला येथे महत्त्व आहे; कारण ज्याचे नाव कागदावर नाही अशा माणसाचा हक्क हा प्रश्न कोणत्याही एका पॅरिशचा राहत नाही.

५

तिसरे क्षेत्र झारखंडाचे. येथे प्रश्न कोळशाच्या वाहतुकीचा नसून उत्खननाचा आहे, आणि चर्चचे कार्यकर्ते येथे बाहेरून आलेले आहेत. सिस्टर वल्सा जॉन ह्या केरळच्या धर्मभगिनी पाकुड जिल्ह्यातील पचुवाडा परिसरात आदिवासींच्या गावात, त्यांच्याच घरी राहिल्या आणि कोळसा खाणीसाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. २००६ मध्ये खाणकंपनी आणि ग्रामस्थ ह्यांच्यात करार झाला. त्यानंतरचा काळ अधिक बिकट ठरला आणि १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री त्यांची हत्या झाली. खाण आली की गावाची एकजूट टिकत नाही, जमीन देणारे, न देणारे आणि मधले असे गट पडतात, हे खाणप्रदेशांचे सार्वत्रिक दु:ख आहे. ज्या शेजाऱ्यासाठी माणूस आपले घर सोडतो, तो शेजारीही एकसंध नसतो.

रांची येथून आदिवासींच्या भूमिहक्कांचे कार्य करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी ह्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. तळोजा कारागृहातून त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आणण्यात आले; तेथे ५ जुलै २०२१ रोजी, कैदेतच, त्यांचे निधन झाले. मुंबईच्या कॅथलिकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. खाणीच्या प्रदेशातील प्रश्न किनाऱ्यावरील समाजाच्या दाराशी त्या दिवसांत प्रत्यक्ष येऊन उभा राहिला होता.

साष्टी, वसई आणि संथाळ परगणा ह्यांना क्रमाने पाहिले असता शेजारधर्माची कक्षा वाढत गेल्याचे दिसते. साष्टीत ती आपल्या घरापुरती आणि मागच्या अरण्यापर्यंत आहे, वसईत आपल्या विहिरीपासून शहराच्या आराखड्यापर्यंत आहे, पचुवाड्यात ती परक्याच्या गावात गेली आहे. परंतु पहिल्या दोन ठिकाणी समाज लढला आणि तिसऱ्या ठिकाणी व्यक्ती लढल्या. समाजाची कक्षा व्यक्तींच्या कक्षेइतकी विस्तारली काय, हा खरा प्रश्न आहे.

६

येथे यवतमाळ जिल्ह्याकडे वळावे लागते. वणी परिसरातील राजूर, उकणी, निळजई, कोलारपिंपरी येथील खाणी कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या कंपनीच्या इतिहासाशी निगडित आहेत. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये ही कंपनी नागपूर येथे स्थापन झाली. तिच्यासाठी जमीन घेतली जाते ती मुख्यत: १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने. ह्या कायद्यात शोधाची अधिसूचना, संपादनाच्या हेतूची अधिसूचना, हरकतींसाठी ३० दिवस आणि मग घोषणा असा क्रम आहे. घोषणेनंतर जमीन सरकारात निहित होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या तपासणीचे जे तत्त्व आणले, त्यातून हा कायदा वगळलेला आहे. भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र २०१५ पासून त्याला लागू झाल्या. स्थानिकांना चर्चेत विशेष स्थान असावे ही विश्वपत्राची अपेक्षा आणि ३० दिवसांची हरकत ह्यांतील अंतर येथे मोजता येते. शिवाय भरपाई मिळते ती जमीनमालकाला, नोकरीही जमिनीच्या हिशेबात. त्याच शेतात मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे काम जाते, पण त्या कामाचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे निघत नाही.

वर्धा खोऱ्यातील कोळशावर उभे असलेले सर्वांत मोठे केंद्र म्हणजे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र. त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी प्रदूषणक्रमवारी लावली, तिच्यात चंद्रपूर चौथे होते. ह्या प्रदेशातील वीज किनाऱ्याकडे नेण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरांची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ च्या सुमारास कार्यान्वित झाली. पडघे हे ठाणे जिल्ह्यात आहे. ज्या किनाऱ्यावर विहीर, बागायत आणि समुद्र ह्यांसाठी लढे झाले, त्याच किनाऱ्याच्या महानगराला ही वाहिनी विदर्भाच्या कोळशाशी जोडते. धूर एका टोकाला राहतो आणि उजेड दुसऱ्या टोकाला जातो.

ह्या वाहिनीचा विचार वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथलिक लेखनाच्या मध्यभागी आलेला नाही. ह्यात त्या समाजाचे विशेष न्यून आहे असे नव्हे. बाभुळगावातही वणीची खाण ही ‘तिकडची’ गोष्ट मानली जाते; कापसाचा भाव आणि बेंबळेचे पाणी ह्यांत गुंतलेल्या शेतकऱ्याला ती आपली वाटण्याचे कारण त्याला कोणी सांगितलेले नाही. परंतु धर्माच्या नावाने बोलणारी भाषा जेव्हा ‘सर्वांचे घर’ असे म्हणते, तेव्हा तिच्याकडून अधिक अपेक्षा करावी लागते. वाटेत पडलेला माणूस आपल्या पॅरिशचा नव्हता, हे दृष्टान्तातील शोमरोन्याला ठाऊक होते आणि तरीही तो थांबला.

७

उपरिनिर्दिष्ट विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, भारतीय कॅथलिक समाजांनी सृष्टिस्तुतीच्या जुन्या वाणीला न्यायाचा तपशील दिला. हे कार्य ‘लाउदातो सी’च्या आधी वसईत सुरू झाले होते, आणि म्हणून त्या विश्वपत्राची येथील लढ्यांवर छाया पडली असे म्हणण्यापेक्षा त्याला येथे आधीच वाचक तयार होते असे म्हणणे यथार्थ ठरेल. दुसरा, ह्या न्यायाचा आधार बहुधा मालकी किंवा सान्निध्य हा राहिला. ज्याच्या नावे जमीन, विहीर वा घर नाही त्याचा हक्क ही परिभाषा अद्याप पुरती सांगू शकत नाही. तिसरा, ‘घर’ ह्या प्रतिमेची ही मर्यादा ‘शेजार’ ह्या कल्पनेने दूर होऊ शकते. कारण शेजारधर्म मालकी विचारत नाही आणि अंतरही मोजत नाही.

ही कल्पना केवळ कॅथलिकांची मिरास नव्हे. पर्यावरणविषयक मराठी लेखनाची समीक्षा करताना ‘ह्या लेखनात शेजारी कोण आहे आणि तो किती दूरवर राहतो?’ हा प्रश्न विचारला, तर पुष्कळ रम्य लेखनाचे खरे मोल कळून येईल. साष्टीच्या, वसईच्या आणि पचुवाड्याच्या लढ्यांनी हा प्रश्न विचारण्याची भाषा घडविली आहे. वणीच्या मातीचे ढिगारे आणि पडघ्याचे मनोरे ह्यांना एकाच वाक्यात आणण्याचे काम तिच्याकडून व्हावयाचे आहे.